रात्रीच्या सायकलप्रवासासाठी अल्पखर्चिक दिव्यांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

भारतात सायकल हे आजही मोठ्या लोकसंख्येच्या दैनंदिन प्रवासाचे साधन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. दूध घालणारे, वृत्तपत्रे टाकणारे, पहाटेच्या पाळीवर जाणारे कामगार, रात्रपाळीचे पहारेकरी आणि सायंकाळी शिकवणीहून परतणारे विद्यार्थी हे अंधारात सायकल चालविणाऱ्यांतील प्रमुख घटक होत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या सायकलीला दिवा नसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत सायकलस्वारांची संख्या चार हजारांहून अधिक होती. हे सर्व अपघात रात्रीचे नव्हते. तथापि अंधारात न दिसणे हे सायकलस्वाराच्या जिवावर बेतणारे आणि अल्प खर्चात टाळता येणारे कारण आहे, याबद्दल दुमत नसावे.

एकेकाळी पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात दिव्याविना रात्री सायकल चालविल्यास पोलीस दंड करीत. त्यामुळे तेलाचा दिवा व पुढे डायनामो ही सायकलीची आवश्यक अंगे मानली जात. कालांतराने ही शिस्त लोपली. आज बाजारात स्वस्त दिव्यांची रेलचेल असली तरी त्यांतून योग्य दिवा कसा निवडावा, याविषयी सामान्य ग्राहकास पुरेशी माहिती नसते. मर्यादित रकमेत कोणती वस्तू आधी घ्यावी आणि ती कोणत्या निकषांवर पारखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

पाहणे आणि दिसणे :

सायकलीच्या दिव्याची कार्ये दोन आहेत. पहिले कार्य सायकलस्वारास रस्ता दाखविणे, तर दुसरे इतरांना सायकलस्वार दाखविणे. ग्राहक दिवा विकत घेतो तो बहुधा पहिल्या कार्यासाठी. त्यामुळे सर्व पैसा पुढील दिव्यावर खर्च होतो आणि मागील बाजू अंधारात राहते.

वास्तविक दुसरे कार्य अधिक निकडीचे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. चालकास धोका लक्षात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर अंतर संपते. कोरड्या रस्त्यावर प्रत्यक्ष थांबण्यास आणखी सुमारे २३ मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर ४८ मीटरच्या आसपास जाते. डिपरवर ठेवलेल्या हेडलाइटमध्ये गडद कपड्यांतील सायकलस्वार याहून बराच जवळ आल्यावर दिसू शकतो. समोरून दुसऱ्या वाहनाचा प्रखर प्रकाश येत असल्यास परिस्थिती अधिकच बिकट होते. मागून येणारे वाहन सायकलस्वारास दिसत नाही आणि त्यास टाळण्याचा निर्णय सर्वस्वी चालकाच्या हाती असतो. म्हणून खर्चाचा अग्रक्रम प्रथम परावर्तक, नंतर मागील दिवा आणि शेवटी पुढील दिवा असा असावा.

परावर्तक : सर्वांत स्वस्त संरक्षण

परावर्तक आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितो. त्याच्या पृष्ठभागात सूक्ष्म काचमणी किंवा घनाच्या कोपऱ्यासारखे छोटे लोलक असतात. त्यामुळे हेडलाइटचा प्रकाश थेट चालकाच्या डोळ्यांकडे परततो. त्यास वीज लागत नाही व त्याचा सेल संपत नाही. आकाशकंदील किंवा वाहनांच्या पाट्या तयार करणाऱ्या दुकानांत मिळणारी, लोकव्यवहारात ‘रेडियम’ म्हणून ओळखली जाणारी चमकती पट्टी अनेकदा याच तत्त्वावर बनविलेली असते. तिच्यात रेडियम हे मूलद्रव्य नसते. मात्र त्या दुकानांतील प्रत्येक रंगीत पट्टी परावर्तक नसते. मोबाइलची विजेरी डोळ्यांजवळ धरून आठ-दहा पावलांवरून पट्टीवर प्रकाश टाकावा. पट्टी लख्ख उजळली तरच ती उपयुक्त समजावी. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना परावर्तक लावले जातात, त्यामागील तत्त्व हेच होय.

मागे तांबडा, पुढे पांढरा आणि चाकांच्या तारांवर व पेडलवर पिवळा परावर्तक असावा. यांपैकी पेडलच्या परावर्तकाचे महत्त्व विशेष आहे. वरखाली हलणारे दोन ठिपके पाहताच समोर माणूस आहे, हे चालकाच्या चटकन लक्षात येते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याला पुष्टी मिळाली. केवळ परावर्तक जाकीट घातलेल्या सायकलस्वारापेक्षा, त्यासोबत घोट्यांवर व गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या बांधलेला सायकलस्वार चालकांना अधिक वेळा ओळखता आला. साध्या भडक रंगाचे जाकीट रात्री फारसे उपयोगी पडत नाही, हेही त्यातून दिसून आले.

परावर्तकाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. प्रकाश पडल्याशिवाय तो उजळत नाही. आडरस्त्यावरून येणाऱ्या वाहनाचा झोत सायकलीवर पडलेला नसेल, तर तो निरुपयोगी ठरतो. त्यामुळे दिव्याची गरज उरतेच.

मागील दिवा :

मागील दिवा तांबडाच असावा. तांबडा दिवा पुढे लावल्यास सायकल कोणत्या दिशेने जात आहे, याविषयी समोरच्याची फसगत होते. दिवा स्थिर असावा की लुकलुकता, याबाबत देशोदेशी भिन्न नियम आहेत. जर्मनीत सायकलीवरील लुकलुकत्या दिव्यास मनाई आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यास अनुमती देण्यात आली. लुकलुकता दिवा लक्ष वेधतो, तर स्थिर दिव्यामुळे अंतराचा अंदाज येतो. म्हणून दोन स्वस्त दिवे घेऊन एक स्थिर व एक लुकलुकता ठेवणे हा उत्तम मार्ग ठरतो.

दोन दिवे घेण्यामागे आणखी एक कारण आहे. पुढील दिवा विझल्यास स्वारास तत्काळ कळते. मागील विझल्यास कळत नाही. एक महाग दिवा विझला तर संरक्षण पूर्णतः संपते. दोन स्वस्त दिव्यांपैकी एक विझला तरी दुसरा उरतो.

दिव्याची जागाही महत्त्वाची आहे. सीटखालच्या नळीवर लावलेला दिवा कॅरिअरवरील दुधाच्या कॅनमुळे, दप्तरामुळे किंवा रेनकोटच्या घोळामुळे झाकला जातो. कॅरिअरवर ओझे नेणाऱ्याने दिवा कॅरिअरच्या मागील कडेस अथवा मडगार्डवर बसवावा.

दिवे सतत चालू ठेवण्याच्या परिणामाविषयी डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. त्यात ३,८४५ सायकलस्वारांचा समावेश होता. ज्यांच्या सायकलींवर कायम चालू राहणारे दिवे बसविले होते, त्यांच्या बाबतीत दुखापतीच्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. हा प्रयोग दिवसाच्या प्रवासासही लागू होता आणि माहिती स्वारांनीच दिलेली होती. तरीही ‘दिसणे’ किती मोलाचे आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

पुढील दिवा : ल्युमेन आणि लक्स

स्वस्त दिव्यांच्या वेष्टनावर ल्युमेनचे मोठे आकडे छापलेले असतात. ल्युमेन हे दिव्यातून सर्व दिशांना बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. रस्त्यावर प्रत्यक्षात किती प्रकाश पडतो, हे लक्स या एककाने सांगितले जाते. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश समान पडल्यास तेथील प्रदीपन एक लक्स होते. अंतर दुप्पट झाल्यास प्रदीपन चौथ्या हिश्श्यावर येते. दहा मीटरवर ४ लक्स देणारा दिवा वीस मीटरवर १ लक्सच देतो. जर्मनीतील नियमानुसार सायकलीच्या पुढील दिव्याने दहा मीटरवर किमान १० लक्स प्रदीपन द्यावे लागते.

स्वारास किती अंतरापर्यंत दिसणे आवश्यक आहे, हे त्याच्या वेगावर अवलंबून असते. प्रतिसादास दीड सेकंद आणि साधारण प्रतीचे ब्रेक गृहीत धरल्यास ताशी १५ किलोमीटर वेगात थांबण्यास सुमारे १० मीटर लागतात. ताशी २५ किलोमीटर वेगात हेच अंतर २० मीटर होते. गावातील संथ प्रवासास साधा दिवा पुरतो. खड्डे व रंग उडालेले गतिरोधक असलेल्या काळोख्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्यास मात्र अधिक प्रखर दिवा घ्यावा लागतो किंवा वेग कमी करावा लागतो. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे.

प्रकाशाच्या मात्रेइतकाच त्याचा आकार महत्त्वाचा असतो. गोल झोत टाकणाऱ्या विजेरीचा बराचसा प्रकाश वर वाया जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो. अरुंद रस्त्यावर डोळे दिपलेला मोटारसायकलस्वार हा स्वतःच धोका होय. यासाठी झोत वरून कापलेला दिवा श्रेयस्कर असतो. तो न मिळाल्यास दिवा खाली झुकवावा. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून झोताचा मध्य दिव्याच्या निम्म्या उंचीवर पडेल असे पाहावे. असे केल्यास तो रस्त्यावर दहा मीटरवर टेकतो.

ऊर्जेचा स्रोत आणि छापील दाव्यांची पारख :

स्वस्त दिवे शक्य झाले ते एलईडीमुळे. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या स्फुरदीप्त द्रव्याचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळविला जातो. तंतूच्या जुन्या बल्बमधून एका वॅटला साधारण १० ते १५ ल्युमेन मिळत; एलईडीतून सुमारे १०० ल्युमेन मिळतात.

हाच आकडा खोटा दावा ओळखण्याचे साधन आहे. १,००० ल्युमेनसाठी सुमारे १० वॅट शक्ती लागते. रिमोटमध्ये वापरतात तसल्या तीन बारीक सेलांत मिळून जेमतेम ४ वॅट-तास ऊर्जा असते. असा दिवा १,००० ल्युमेन देत अनेक तास चालणे शक्य नाही. १८६५० या आकाराच्या लिथियम सेलची क्षमता साधारणतः २,००० ते ३,५०० मिलिॲम्पिअर-तास असते. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला असल्यास तो विश्वसनीय मानू नये. २,५०० क्षमतेच्या सेलात सुमारे ९ वॅट-तास ऊर्जा असते. ३ वॅटचा दिवा त्यावर तीन तास चालतो.

रोज चार्जिंगची सोय असणाऱ्यास चार्ज होणारा दिवा दीर्घकाळात स्वस्त पडतो. भारनियमन असलेल्या गावी बदलता येणारे सेल सोयीचे ठरतात. नाण्यासारख्या चपट्या सेलचे दिवे ‘दिसण्यापुरते’ चालतात. परंतु असा सेल लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिकेस गंभीर इजा होते, म्हणून त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. फुगलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करू नये.

टायरला घासून फिरणारा ६ व्होल्ट, ३ वॅटचा डायनामो अद्यापही कालबाह्य झालेला नाही. त्यावर एलईडी दिवा जोडल्यास जुन्या बल्बपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश मिळतो. मात्र पावसात तो टायरवर घसरतो आणि सायकल थांबताच दिवा विझतो. त्यामुळे डायनामोसोबत सेलवरील स्वतंत्र मागील दिवा ठेवणे इष्ट होय.

पावसाळ्यासाठी वेष्टनावरील संरक्षण दर्जा पाहावा. आयपीएक्स४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. किमान एवढा दर्जा हवा. शक्य असल्यास दुकानातच दिवा पट्ट्याने हँडलवर बसवून हलवून पाहावा. खडबडीत रस्त्यावर मान टाकणारा दिवा कितीही प्रखर असला तरी कुचकामी ठरतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मर्यादित रकमेत परावर्तक व मागील दिवा यांना प्रथम स्थान द्यावे.
२. मागे एका महाग दिव्यापेक्षा दोन स्वस्त दिवे अधिक सुरक्षित असतात.
३. पुढील दिवा ल्युमेनच्या आकड्यावरून न निवडता झोताचा आकार, प्रवासाचा वेग व सेलची खरी ऊर्जा यांवरून निवडावा.
४. दिव्याचा कोन, जागा व चार्ज यांची नियमित तपासणी ही खरेदीइतकीच महत्त्वाची आहे.

ज्यांना रात्री सायकल चालविण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्याकडे बहुधा महाग दिव्यासाठी पैसा नसतो. महाविद्यालये, दूध संस्था व कारखाने यांनी आपल्या सायकलस्वार विद्यार्थ्यांना, उत्पादकांना व कामगारांना परावर्तक पट्ट्या आणि मागील दिवे उपलब्ध करून दिल्यास अल्प खर्चात अनेक जीव वाचविता येतील.