मुक्कामाच्या चपला

गेल्या महिन्यात माझा भाचा पहिल्यांदाच हरिश्चंद्रगडावर मुक्कामी निघाला. सॅक भरून झाली आणि त्याने मी बाजूला काढून ठेवलेल्या चपलांकडे बोट दाखवलं. "मामू, पायात बूट आहेतच. मग फक्त रात्रीपुरत्या ह्या कशाला वाहायच्या?"

प्रश्न रास्त होता. खिरेश्वरातून निघून टोलार खिंड चढताना सॅकमधल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब पाठ मागते. पण दिवसभर बुटात राहिलेला पाय तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? तळवा पांढराफटक आणि सुरकुतलेला, धुणं धुतलेल्या हातासारखा. पावसाळ्यात ओढे ओलांडून बूट आतून निथळत असतात. भिजून मऊ झालेली कातडी दुसऱ्या दिवशी घासली की फोड ठरलेले. पहिल्या महायुद्धात पाण्याने भरलेल्या खंदकांत दिवसचे दिवस उभं राहून सैनिकांचे पाय सडले, त्या विकाराला 'ट्रेंच फूट' असं नाव पडलं. एका रात्रीत तसं काही होत नाही, हे खरं. पण संध्याकाळी पायांना वारा लागला पाहिजे आणि बुटांनाही.

मग अनवाणी राहावं? टाक्यावरून पाणी आणायचं असतं, रात्री उठावं लागतं. आपल्या डोंगरात दगडाखाली विंचू असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी आहे ते १९८०च्या दशकात दाखवून दिलं. परंतु मध्यरात्री गडावर ते औषध कोण आणून देणार?

माझा स्वतःचा धडा १९९८च्या डिसेंबरातला. नात्यातल्या एकाने आखातातून आणलेले जाडजूड बूट सहा-सात वर्षं माळ्यावर पडून होते. दिसायला नवेकोरे. त्याच गडावर गेलो. चढताना त्यांनी साथ दिली. दुसऱ्या सकाळी एका बुटाचा तळ आ वासून सुटला, तासाभराने दुसऱ्याचाही. अशा बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या दमटपणानेच तो आतून भुसभुशीत होतो, बूट न वापरले तरी, हे मला पुष्कळ पुढे कळलं. सॅकमध्ये अंगठ्याची साधी हवाई चप्पल होती. तीच घालून पाचनईच्या वाटेने उतरलो. उतारावर पाय पुढे घसरतो, पट्टा बोटांत रुततो, टाच चपलेबाहेर जाते. मध्येच पट्टा भोकातून निसटला. खालून सेफ्टी पिन अडकवून तो कसाबसा धरला. दोनदा पडलो, गुडघा फुटला. सोबत्यांनी माझी सॅक आळीपाळीने घेतली. दोन तासांच्या वाटेला चार तास लागले आणि सगळ्यांची एसटी चुकली. कुणी एक शब्द बोललं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून मुक्कामाच्या चपलेला मी एकच प्रश्न विचारतो: बूट दगावले तर हिच्या भरवशावर गड उतरता येईल का?

म्हणून टाचेमागे पट्टा हवाच. दुकानात ईव्हीए नावाच्या फोमच्या सँडल आणि पुढून बंद असलेले भोकांचे जोडे मिळतात. या फोममध्ये हवेचे बंद बुडबुडे असतात, त्यामुळे तो हलका असतो, पाणी पीत नाही आणि चटकन कोरडा होतो. पुढून बंद असेल तर बोटांना ठेच लागत नाही, शिवाय थंडीत आत मोजे घालता येतात. अंगठ्याच्या चपलेत ती सोय नाही. दोन खोडी मात्र आहेत. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत फोम साबणासारखा घसरतो, तेव्हा तळाची नक्षी खोल आहे का, हे उलटून पाहावं. आणि चुलीजवळ वाळत ठेवला की हा फोम आकसतो. सकाळी जोडा दोन नंबर लहान झालेला असतो. चामड्याची कोल्हापुरी घरी राहू द्या. भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही.

वजन दुकानदाराला विचारू नका, किराणा दुकानाच्या काट्यावर टाका. जोडी ३५० ग्रॅमच्या आत असेल तर मी घेतो. त्याहून जड असेल तर पाण्याची बाटली आठवते. घेतल्यावर पाठीवर भरलेली सॅक घेऊन इमारतीचा जिना दोन-तीनदा उतरून बघायचं. शेजारी हसतात, हसू द्यावं. ज्यांचे बूट जाळीचे आणि लवकर वाळणारे आहेत, त्यांनी कोरड्या दिवसांत, एकाच रात्रीसाठी, दुसरी जोडी नाही नेली तरी चालेल, पावसाळ्यात न्यावीच. दोघांनाही सकाळचा नियम सारखाच: पायात घालण्याआधी उलटं करून झटकायचं.

भाच्याने शेवटी मागे पट्टा असलेला, २८० ग्रॅमचा जोड घेतला. रंग भडक पोपटी. मी नाक मुरडलं होतं. पण परतल्यावर तो म्हणाला, गुहेच्या दाराशी तीस-चाळीस जोडांच्या ढिगात अंधारात हात घालावा लागला नाही, टॉर्च मारली की आपला लगेच दिसायचा.