मंडळीची वही वाचताना: कोणाला ‘नाही’ म्हटलं?

सिनॉप्सिसमध्ये ‘चर्चचे सामाजिक कार्य : एक अभ्यास’ असं शीर्षक टाकलंत की गाईड पहिला प्रश्न विचारणार, नेमकं काय अभ्यासणार? त्यापेक्षा एकच मंडळी घ्या आणि तिचा एकच निर्णय घ्या: अर्पणातून जमलेला पैसा कोणाला द्यायचा, हे ठरतं कसं?

समजा, भडगावसारख्या तालुक्याच्या गावी चाळीसेक कुटुंबांची मंडळी आहे. रविवारचं अर्पण, काहींचा दशांश आणि कापणीच्या सणाला आलेल्या धान्य-भाजीच्या लिलावाचे पैसे, एवढीच जमा. कापसाला भाव नसेल त्या वर्षी तीही आटते. पंचकमिटीपुढे तीन अर्ज आलेत. मंडळीतल्या एका विधवा बाईंचं दवाखान्याचं बिल, एका मुलाची नर्सिंगची फी, आणि गिरणेच्या पुरात घर पडलेलं वस्तीतलं एक कुटुंब, जे मंडळीचं सभासद नाही. पैसे एकालाच पुरतील. आधी कोण?

हा वाद जुनाच आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर सुरू झाली, आणि त्यावर सात माणसं नेमली गेली. म्हणजे बघा, वाटपाची व्यवस्था तक्रारीतून उभी राहिली. तुमच्या मंडळीतही कोणत्या नियमाच्या मागे कोणाची तक्रार आहे, ते शोधा.

दुसरी गोष्ट, पैसा कुठून येतो. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात येऊन गेले. त्यानंतर मराठी मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली आणि स्थानिक पाळक असलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या मंडळ्यांवर भर आला. शाळा की मंडळी, हा प्राधान्यक्रम मुख्यतः बोस्टनच्या धोरणाने ठरला. त्या काळासाठी १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदया’चे अंक चाळा. आजचं उदाहरण हवं असेल तर परदेशी निधीचा कायदा बघा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणारी संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. वरच्या संस्थेकडून असा पैसा मिळणाऱ्या लहान मंडळीची यादी त्यामुळे आपोआप बदलते, कमिटीने काही न ठरवताच.

आता कागद. मंडळीची नोंद सार्वजनिक न्यास म्हणून झाली असेल तर १९५० च्या न्यास कायद्याखालच्या नियमांनुसार तिचा उत्पन्न-खर्चाचा तक्ता ठरावीक नमुन्यात असतो. त्याला अनुसूची नऊ म्हणतात. न्यासाच्या उद्देशांवरचा खर्च तिथे पाच खान्यांत पडतो: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय. विद्यार्थी हे आकडे उचलतात, टक्केवारी काढतात आणि ‘मंडळीचे प्राधान्य शिक्षणाला’ असं लिहून मोकळे होतात. घाई करू नका. त्या विधवा बाईंचं बिल वैद्यकीय की गरिबी निवारण? कोणत्या खान्यात टाकायचं हे बहुधा हिशेब लिहिणारा ठरवतो. तक्त्याशेजारी खजिनदाराची कच्ची वही ठेवून एकेक रक्कम जुळवा.

पण वहीतसुद्धा अर्धीच गोष्ट सापडते. तिथे दिलेला पैसा दिसतो, नाकारलेला अर्ज दिसत नाही. इतिवृत्तातही ‘चर्चा झाली’ एवढ्यावर तो विषय संपलेला असतो. म्हणून मुलाखतीत ‘तुमची प्राधान्यं काय?’ असं विचारूच नका. पाठ केलेलं उत्तर येईल: गरीब, आजारी, अनाथ. त्याऐवजी विचारा, ‘शेवटचे तीन अर्ज कोणते, ज्यांना नाही म्हणावं लागलं?’ इथे माणसं थांबतात, एकमेकांकडे बघतात आणि मग बोलतात. सभासद नसलेल्याला मदत केली तर गावात त्याचा काय अर्थ लावतील, ही भीतीही इथेच बाहेर येते. ती टिपताना बोलणाऱ्याची परवानगी पुन्हा एकदा घ्या.

आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं समजू नका. चाळीस कुटुंबांत ‘निवृत्त शिक्षिका, विधवा’ एकच असते. प्रबंध उद्या कोणी वाचला तर त्या बाईंनी मदत मागितली होती हे अख्ख्या गावाला कळेल. तपशील ढोबळ करा, गरज पडली तर ते उदाहरणच गाळा. गाईडला आवडलं असलं तरी.

पहिल्या भेटीत वही मागू नका. लिलावाच्या दिवशी जा आणि मागे बसा. भोपळा बाजारभावाच्या चौपट किमतीला कोण घेतं आणि घेतलेला भोपळा पुन्हा लिलावात कोण ठेवतं, ते टिपा.