आजोबांच्या ट्रंकेतलं ‘जिवंत’ काडतूस

दिवाळीची साफसफाई सुरू आहे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक कितीतरी वर्षांनी खाली उतरते. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं पणजोबांचं नाव आणि नंबर. आत कसर लागलेला गरम कोट, एक मेडल, पानं सुटलेलं डिस्चार्ज बुक आणि अगदी तळाशी रुमालात गुंडाळलेलं, बोटाएवढं पण जड असं काहीतरी. रुमाल सोडता आणि हातात येतं चक्क काडतूस.

साताऱ्या-कोल्हापुराकडे, कोकणात, जिथे घरटी एक माणूस फौजेत होता, तिथे हा सीन अजिबात फिल्मी नाही. अशा वेळी डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक, फोटो काढून स्टोरी टाकू. दोन, ‘अँटिक आहे यार, किती मिळतील याचे?’

दोन्ही जरा थांबवा. आधी ते काडतूस हळूच खाली ठेवा.

मराठी बातम्यांत ‘जिवंत काडतूस’ हा शब्द आपण सारखा वाचतो. तो इथे शब्दशः घ्या. कोरड्या जागी राहिलेलं काडतूस ऐंशी वर्षांनंतरही उडू शकतं. जुन्या ‘थ्री नॉट थ्री’मध्ये बहुतेकदा कॉर्डाइट असायचं. दिसायला शेवयांच्या जुडीसारखं, पण बनलेलं नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटनपासून. बंदुकीबाहेर काडतूस उडालं तर गोळी फार जोरात जात नाही, पण पितळ फाटून त्याचे तुकडे उडतात. ते डोळ्यात गेले तर विचारायलाच नको. त्यामुळे पक्कड लावून गोळी उपसू नका, बुडाला ठोकू नका, गॅसजवळ किंवा उन्हात ठेवू नका. आणि प्लीज, पितांबरीनं घासायला घेऊ नका! एक तर धोका, शिवाय घासल्यावर बुडावरची अक्षरं पुसट होतात. खरी गंमत तर त्या अक्षरांतच आहे.

आता टॉर्च लावा आणि काडतुसाचं बूड बघा. मधला गोल म्हणजे कॅप, म्हणजे चाप ओढल्यावर जिच्यावर मार बसतो ती. तिच्याभोवती ठोकलेली अक्षरं आणि आकडे ही या काडतुसाची जन्मपत्रिका. इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ आणि मध्ये एक बाण दिसला, तर हे काडतूस आपल्या पुण्याजवळचं, खडकीचं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. नुसता ‘के’ असेल तर मात्र ‘खडकी’ म्हणून उड्या मारू नका, तो बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीचाही शिक्का आहे. ‘आर एल’ असेल तर माल लंडनजवळच्या वुलिचचा. सोबतचे दोन आकडे बहुतेकदा साल सांगतात, म्हणजे ‘४३’ म्हणजे १९४३. रोमन सात किंवा साधा सात दिसला तर तो ‘मार्क सेव्हन’, १९१० मध्ये आलेला टोकदार गोळीचा प्रकार. दोन्ही महायुद्धांत सगळ्यात जास्त वापरला गेला तो हाच.

कॅपभोवती रंगाचं कडं असेल तर तेही नोंदवा. ब्रिटिश पद्धतीत जांभळा म्हणजे साधी गोळी, लाल म्हणजे उडताना मागे प्रकाशाची रेघ सोडणारी, हिरवा म्हणजे चिलखत भेदणारी आणि निळा म्हणजे आग लावणारी. लाल किंवा निळं कडं दिसलं तर गोळीच्या आतही जळणारा मसाला आहे, तेव्हा जास्तच लांब राहा.

आकारही बघा, पण पट्टी शेजारी ठेवून, हातात न घेता. थ्री नॉट थ्री साधारण पावणेआठ सेंटिमीटर लांब असतं आणि बुडाची कड बाहेर आलेली असते. कड बाहेर नसेल आणि लांबी सातच्या आसपास असेल, तर ते बहुधा नंतरच्या सेल्फ-लोडिंग रायफलचं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं. जाड, बाटलीसारखं आणि पुढे शिशाची गोळी असलेलं निघालं, तर ते एकोणिसाव्या शतकातल्या मार्टिनी-हेन्रीचं असू शकतं. कुशीला भोकं पाडलेली असतील तर ते सरावाचं, बिनदारूचं असू शकतं. पण हा निर्णय तुम्ही घ्यायचा नाही. आणि कॅपवर खड्डा आहे, म्हणजे उडून गेलंय, असंही समजू नका. गोळी जागेवर असेल तर तो न उडालेला बार आहे, आणि तो जास्त बेभरवशाचा.

आता किमतीचं बोलू. ऐकून थोडा हिरमोड होईल. मार्क सेव्हन काडतुसं अफाट संख्येनं बनली, त्यामुळे परदेशातल्या संग्राहकांच्या बाजारातही एका सुट्या, साध्या नगाला फारसा भाव नाही. ब्रिटनमध्ये दारू काढून निकामी केलेला नग काही पौंडांत मिळतो. भाव चढतो तो दुर्मीळ शिक्क्याला, सुरुवातीच्या मार्कना, न फोडलेल्या पाकिटाला, छापील लेबलला. उदाहरणार्थ, कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९० च्या दशकात बनलेली मऊ टोकाची गोळी. ती अंगात शिरून पसरायची. अशा गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदीचा जाहीरनामा निघाला आणि ‘डमडम’ हा शब्द जगभर गेला.

पण हे सगळं तिकडचं. इथे काडतूस विकणं तर सोडाच, परवान्याशिवाय नुसतं जवळ ठेवणंसुद्धा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ‘जुन्या नोटा द्या, लाखो मिळवा’वाले जसे असतात, तसे यातही भेटतील. फसलात तर तक्रार करायलाही जाता येणार नाही. ‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे, अँटिक आहे’ ही पळवाट चालत नाही. जुनं झालं म्हणून जिवंत काडतुसाला आपोआप सूट मिळत नाही. आणि १९४३ चं काडतूस तर अजून शंभरीतही पोचलेलं नाही.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्या. कोर्ट ‘जाणीवपूर्वक ताबा’ बघतं. बॅगेच्या अस्तरात काडतूस अडकलं होतं, प्रवाशाला पत्ताच नव्हता, अशा विमानतळावरच्या प्रकरणांत कोर्टांनी दिलासा दिलेला आहे. ट्रंक बंद होती तोवर तुम्हालाही माहीत नव्हतं. पण आता रुमाल सोडलात, फोटो काढलात, ग्रुपवर टाकलात. आता ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

मग करायचं काय? त्याच कायद्याचं २१ वं कलम सांगतं, की ताबा कायदेशीर राहिला नसेल तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा. म्हणून आधी फोन करा, ठाण्याला किंवा ११२ ला. कुठे, कसं सापडलं ते सांगा. बॅगेत टाकून बसनं स्वतः निघू नका, त्यांनी सांगितलं तसंच करा. घरातलं एखादं मोठं माणूस सोबत ठेवा, जमलं तर ओळखीचा वकीलही. जमा केल्याची लेखी पोच मागा. ग्रेनेड किंवा तोफेचा गोळा निघाला तर त्याला हातही लावू नका, खोलीतून बाहेर पडा आणि मगच फोन करा.

आणि आजीचं काय? ती म्हणणारच, ‘त्यांची एवढी एकच आठवण आहे रे, ती पण पोलिसांना देणार?’ तिच्याशी वाद घालू नका, तिच्या शेजारी बसा. बुडावरचे आकडे तिला वाचून दाखवा.

कारण काडतुसाची खरी किंमत इथे कळते. घरात समजा सगळे सांगत आलेत, की पणजोबांनी हे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून आणलं. कूतच्या वेढ्यात, १९१५-१६ मध्ये, मराठा पलटणी खरंच होत्या. पण शिक्का ४३ चा असेल, तर हे तिथलं असूच शकत नाही. मग कुणाचं? आजोबांचे थोरले भाऊ १९४४ मध्ये इटलीत होते का? यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती ही इटलीची आघाडी. की घरातलं कुणी नंतर पोलिसात होतं? शिक्का एवढंच पक्कं सांगतो, की या सालाआधी हे काडतूस नव्हतं. पुढचं उत्तर डिस्चार्ज बुकात आहे, मेडलच्या कडेवर कोरलेल्या नंबरात आहे, आणि आजीच्या डोक्यात आहे. अडलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे विचारून बघा.

फोटो, शिक्क्याची नोंद, पोलिसांची पोच आणि आजी बोलते त्याचं रेकॉर्डिंग, हे सगळं एका फाइलमध्ये लावा. मेडल, कोट, डिस्चार्ज बुक ट्रंकेत राहू दे. पितळ सरकारजमा होईल. पण ते घरात कसं आलं, हे आजीला आजच विचारा. ती गोष्ट सांगणारं घरात आता तेवढंच माणूस उरलंय.