कॉम्बीच्या कुशीतले झरोके

फोक्सवॅगनच्या जुन्या कॉम्बी व्हॅनला समोर जाळी नाही. नाकावर मोठं गोल बोधचिन्ह, बाकी कोरा पत्रा. इंजिन मागे, तेही हवेवर थंड होणारं. त्यामुळे रेडिएटरच नाही. बेन पॉन या डच विक्रेत्याने 23 एप्रिल 1947 रोजी वहीत या गाडीचं जे साधं रेखाटन केलं, त्यातही इंजिन मागेच होतं. 8 मार्च 1950 पासून वोल्फ्सबुर्गला या गाड्या बनू लागल्या. 1131 सीसीच्या त्या इंजिनाला हवा मिळते ती मागच्या दोन्ही कुशींच्या पत्र्यात पाडलेल्या उभ्या झरोक्यांतून.

या झरोक्यांतून पावसाचं पाणीही आत जातं. आत उजव्या कोपऱ्यात बॅटरी. तिच्या अ‍ॅसिडने खालचा पत्रा आधीच खाल्लेला असतो. पुट्टी भरून वर रंग मारणारे बरेच भेटतात, पण गंज आतून येतो. तिथे पत्रा बदलण्याला पर्याय नाही.

हे काम सबुरीचं आहे. नवा तुकडा जुन्यावर धरून रेघ मारायची आणि रेघेच्या आतच कापायचं. कमी कापलं तर घासता येतं, जास्त कापलं तर भरत बसावं लागतं. आतला गंज नागव्या पत्र्यापर्यंत खरवडायचा. मग तुकडा क्लॅम्पने आवळून वेल्डिंगचे टाके मारायचे, पण ओळीने नाही: एक वर, दुसरा पार खालच्या टोकाला, मध्ये पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. घाई केली की पातळ पत्रा तापून लाटा धरतो आणि झरोक्यांच्या सरळ रेघा वाकतात. उन्हात दुरूनही ते दिसतं. शेवटी आतून जस्ताचा प्रायमर आणि पोकळीत मेण.

1967 नंतरच्या पिढीत हे झरोके वर, मागच्या खांबांवर गेले. ब्राझीलमध्ये बनणाऱ्या कॉम्बीत 2005 च्या अखेरीस पाण्यावर थंड होणारं इंजिन आलं आणि नाकावर काळी जाळी बसली. ती त्या चेहऱ्याला शोभली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. 2013 मध्ये तिथलंही उत्पादन थांबलं.

नवा पत्रा बसवून झाला की लगेच चावी फिरवू नका. इंजिनाभोवतीचं रबर टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. पंखा वरची गार हवा सिलिंडरवर सोडतो आणि तापलेली हवा खाली जाते. रबर फाटलेलं असेल तर तीच गरम हवा पुन्हा वर ओढली जाते. फाटलं असेल तर ते आधी बदला, मगच गाडी रस्त्यावर काढा.