दोन्ही पाय डावीकडे, पाठ मात्र सरळ

1835 साली गंगाकाठच्या फत्तेगडला बायजाबाई शिंद्यांची छावणी पडली होती. कागलच्या घाटग्यांची ही लेक, दौलतरावांची विधवा, दोन वर्षांपूर्वी ग्वाल्हेरची सत्ता गमावून बाहेर पडलेली. कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याची बायको, फॅनी पार्क्स, त्यांच्या भेटीला जाई. इंग्रज बाई दोन्ही पाय घोड्याच्या एकाच अंगाला टाकून बसते, याचं छावणीतल्या बायकांना मोठं नवल वाटलं आणि हसूही आलं. त्या मांड टाकून बसणाऱ्या होत्या. कासोट्याचं लुगडं त्यांच्या आड येत नव्हतं. पार्क्सनंही त्यांच्या पद्धतीनं बसून पाहिलं. पुढं 1850 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात तिनं बायकांच्या बसण्याची रीत बदलल्याबद्दल पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मूर्खपणाला दोष दिला. छावणीतलं ते हसू रास्त होतं. पण ज्या खोगिराला त्या हसत होत्या, ते नेमकं त्याच दशकात युरोपात पालटत होतं. त्या बदलामुळे साइड-सॅडल ही नुसती सक्तीची बैठक न राहता एक पक्की घोडेस्वारीची विद्या झाली. आज कुणाला ती शिकायची असेल तर त्यानं झग्यापासून सुरुवात करू नये, खोगिराच्या रचनेपासून करावी, असं माझं म्हणणं आहे.

ही रचना एका दिवसात घडलेली नाही. इंग्लंडमधली परंपरा तिचं श्रेय, किंवा खापर, बोहेमियाच्या ॲनला देते. 1382 मध्ये तिचं इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डशी लग्न झालं. त्या काळचं खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर आडवी ठेवलेली गादी आणि पायांखाली एक फळी. बसणारीचं तोंड घोड्याच्या कुशीकडे, लगाम दुसऱ्याच्या हातात. तिला वळता येत नसे, थांबता येत नसे. घोडा जाईल तिकडे आणि नेणारा नेईल तसं जायचं. सोळाव्या शतकात उजवा पाय खोगिराच्या पुढच्या शिंगावर टाकून तोंड समोर करण्याची रीत आली. तिच्याशी कॅथरीन द मेदिचीचं नाव जोडलं जातं. ती दंतकथा मानली तरी बदलाचं मोल कमी होत नाही, कारण तोंड समोर वळलं आणि लगाम बाईच्या हाती आला. उणीव एकच राहिली. एकाच शिंगाच्या आधारानं चालीत तोल राहतो. घोड्यानं उडी घेतली किंवा तो बुजला की राहत नाही. ती उणीव 1830 च्या दशकात भरून निघाली. फ्रान्समधल्या ज्यूल पेलिएच्या नावावर असलेलं दुसरं शिंग पहिल्याच्या खाली बसवलं गेलं आणि ते डाव्या मांडीवर खाली वळलेलं होतं. आता उजवी मांडी वरच्या शिंगावर, डावी खालच्या शिंगाखाली. संकटात दोन्ही मांड्या एकमेकींकडे आवळल्या की स्वार खोगिराला जखडल्यासारखी बसते. कुंपणांवरून उड्या घेत शिकारीमागं धावणाऱ्या व्हिक्टोरियन बायका याच शिंगाच्या भरवशावर धावल्या. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ इंग्लंड-आयर्लंडच्या शिकारींत पुढच्या फळीत असे. 1915 मध्ये सिडनीच्या मैदानावर एस्थर स्टेस हिनं याच बैठकीत साडेसहा फूट उंचीची उडी पार केली. नुसत्या शोभेच्या आसनावरून हे होत नाही.

शिकणाऱ्याच्या पहिल्या धड्याचा अर्थ या रचनेतच आहे. पाय डावीकडे असले तरी पाठीचा कणा घोड्याच्या कण्याच्या बरोबर वर हवा आणि दोन्ही खांदे घोड्याच्या दोन कानांच्या रेषेत. शरीराचा ओढा सहजच डावीकडे असतो, म्हणून नवख्याचा उजवा खांदा पुढं येतो आणि कंबर पिळली जाते. त्यावर उपाय म्हणजे उजवा खांदा आणि उजवं नितंब जाणीवपूर्वक मागं ठेवणं आणि भार उजव्या मांडीवर घेणं. उजव्या पायाचा चवडा खाली, डाव्या पायाची टाच खाली. डावी मांडी आणि खालचं शिंग यांच्यात आडवा हात सरकेल एवढी जागा मोकळी हवी. मांडी सतत शिंगाला टेकवून ठेवली तर स्वार रिकिबीवर उभी राहू लागते, खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि घोड्याची पाठ सोलते. शिंग आवळायचं ते गरज पडली तरच. उरलेला सगळा वेळ तोलाचा. म्हणूनच जाणते शिक्षक रिकीब काढून, लांब दोरीवर फिरणाऱ्या शांत घोड्यावर सुरुवात करवतात. उजव्या बाजूला पायच नसल्यानं टाचेचं काम एक छडी करते. ती मारायची नसून टेकवायची असते. दुडक्या चालीत हिसके बसतात, कॅन्टर मात्र झुल्यासारखा लागतो. तरीही चालीवर बैठक पक्की झाल्याशिवाय पुढं जाऊ नये.

खोगिराची निवड हा दुसरा धडा, आणि अनेकांची फसगत होते ती इथंच. बैठकीची लांबी स्वाराच्या मांडीला जुळायला हवी. आखूड खोगिरात गुडघा शिंगावरून पुढं ढकलला जातो, लांब खोगिरात माणूस मागंपुढं घसरतो. घोड्याच्या खांद्यांमधला उंचवटा नीट असावा, नाहीतर एकीकडे भार असलेलं खोगीर फिरतं. तंगाशिवाय एक तोलपट्टा असतो. तो उजव्या बाजूनं खोगिराच्या मागच्या टोकापासून पोटाखालच्या तंगापर्यंत येतो आणि खोगिराचा मागचा भाग हलू देत नाही. घोड्याला या पट्ट्याची सवय आधी हातानं फिरवून लावावी लागते. चॅम्पियन अँड विल्टन, मेह्यू, ओवेन या लंडनच्या कारागिरांची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची खोगिरं आजही शोधली जातात, ती याच मापांच्या काटेकोरपणासाठी. पण जुनं नाव पाहून, स्वतःचं आणि घोड्याचं माप न घेता घेतलेलं खोगीर महागातच पडतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की ही बैठक स्त्रियांवर लादली गेली, तर तिची विद्या का जपायची? लादली गेली हे खरंच आहे. प्रवासलेखिका इझाबेला बर्डला पाठीचं दुखणं होतं. 1873 मध्ये हवाईत मांड टाकून बसल्यावरच तिचा प्रवास सुसह्य झाला. तरीही त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरातून जाताना तिनं लोकलाजेपायी एका अंगाला बसून पाठीची कळ सोसली. 1913 मध्ये वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात इनेझ मिलहॉलंड पांढऱ्या घोड्यावर मांड टाकून आली, तेव्हा त्या बसण्याला राजकीय अर्थ होता. या स्त्रिया बरोबर होत्या. पण त्यांचा झगडा सक्तीशी होता, आणि सक्ती संपल्यावर जे उरतं त्याचा निवाडा वेगळ्या निकषावर व्हायला हवा. सक्तीच्या काळातही त्या मर्यादेत राहून बायकांनी जे कौशल्य कमावलं, ते सक्ती करणाऱ्यांचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. ते टाकून दिल्यानं अन्याय पुसला जात नाही, फक्त त्यांची कमाई विसरली जाते. शिवाय आज या खोगिराचा उपयोग काही वेगळ्याच लोकांना होतो: पाय गमावलेल्या किंवा कंबरेनं अधू झालेल्या स्वारांना दोन शिंगांचा आधार मांड टाकण्यापेक्षा सोयीचा ठरू शकतो.

दुसरा आक्षेप धोक्याचा. घोडा कोसळला तर शिंगांत अडकलेली स्वार उडी मारून सुटू शकत नाही, हे नाकारता येत नाही. पण इतिहास नीट पाहिला तर जुन्या अपघातांत मोठा वाटा पोशाखाचा होता. घेरदार झगा शिंगाला अडकून स्वार फरफटत जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झटकन सुटणारा ॲप्रन आणि पाय अडकताच मोकळी होणारी रिकीब आली, ती हा धोका ओळखूनच. आजच्या ॲप्रनखाली नेहमीची ब्रीचेस आणि बूट असतात. झगा म्हणून जो दिसतो तो पुढून झाकणारा कापडाचा तुकडा. डोक्यावर हेल्मेट, खोगिराला सुटणारी रिकीब आणि अंगावर सुटणारा ॲप्रन, यांतलं एक जरी नसेल तर घोड्यावर चढू नये. उरलेला धोका खरा आहे, आणि म्हणूनच आधी मांड टाकून स्वारी पक्की असणाऱ्यानंच इकडं वळावं, हा सल्ला भित्रेपणाचा नसून शहाणपणाचा आहे.

तिसरा आक्षेप, ही निव्वळ नाटकी हौस आहे. राणी दुसरी एलिझाबेथ 1986 पर्यंत वाढदिवसाच्या संचलनात बर्मीज या घोडीवर अशीच बसे, आणि अनेकांच्या मनात साइड-सॅडल म्हणजे तेवढाच देखावा आहे. पण 1981 मध्ये त्याच संचलनात जवळून कोऱ्या गोळ्या झाडल्या गेल्या. घोडी बिचकली, आणि राणीनं तिला क्षणात ताब्यात आणलं. देखाव्यामागं विद्या आहे का, हे अशाच वेळी कळतं. मेक्सिकोत 1953 पासून चाललेल्या एस्कारामुसात आठ-आठ जणी एका अंगाला बसून भरधाव घोड्यांची गुंफण करतात. त्यांचा झगा रंगीबेरंगी असतो, पण कवायत चुकली तर घोड्यांची टक्कर होते. तेव्हा शिकायचं असेल त्यानं प्रश्नांचा क्रम बदलावा. मी कशी दिसेन हा प्रश्न शेवटी. आधी खोगीर घोड्याला आणि मला मापात आहे का, माझा उजवा खांदा मागं आहे का, खालच्या शिंगाला मी विनाकारण चिकटले तर नाही ना, हे विचारावं. या तिन्हींची उत्तरं मनासारखी आली की छावणीतल्या बायकांनी विचारला असता तो प्रश्न, की असं वाकडं बसून घोडा ताब्यात राहील कसा, शिकणारीला पडणारच नाही, कारण ती वाकडी बसलेलीच नसेल.