उन्हाळी टोपीची कैफियत

गेल्या चैत्रात घेतलेली, रुंद कडेची, फिकट राखाडी रंगाची एक कापडी टोपी यंदाच्या वैशाखापर्यंत मी गडवाटांवर, मंडईत, बसथांब्यावर आणि बँकेबाहेरच्या रांगेत सातत्याने वापरली, आणि तिच्याविषयी जे जे प्रत्ययास आले ते एका वहीत तारीखवार नोंदवून ठेवले. ती वही आता चाळताना निष्पन्न होणारा मजकूर इतर स्त्रियांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते. कारण उन्हापासून रक्षण हा विषय आपल्याकडे अद्यापि सौंदर्यप्रसाधनांच्या सदरात मोडतो, आणि गालांवर वांग उठेपर्यंत किंवा डोळ्यांत मोतीबिंदू उतरेपर्यंत आरोग्याशी त्याचा संबंध कोणी जोडीत नाही.

टोपीच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर ‘50+’ असा आकडा होता. ह्या आकड्याची जन्मभूमी ऑस्ट्रेलिया. गोऱ्या कातडीचे लोक प्रखर उन्हाच्या मुलखात वसल्यामुळे त्वचेच्या कर्करोगाने तो देश जेरीस आला, 1981 सालापासून तेथे अंगात सदरा, कातडीवर मलम आणि डोक्यावर टोपी ह्या त्रिसूत्रीचा प्रचार सुरू झाला, आणि पुढे 1996 साली न्यूझीलंडच्या सहकार्याने कापडाची रक्षणशक्ती मोजण्याचे मानक प्रसिद्ध झाले. त्याची रीत अशी, की कापडाचा तुकडा यंत्रात धरून 290 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांपैकी किती आरपार जातात ते पाहावयाचे. पन्नासावा हिस्सा, म्हणजे शेकडा दोन, पलीकडे गेला तर आकडा 50, आणि त्याहूनही कमी गेला तर 50+. मोजणी होते ती कोरड्या आणि न ताणलेल्या कापडाची. टोपी घामाने भिजली, माथ्यावर ताणून बसली किंवा वाऱ्यासाठी तिच्या बाजूंना जाळी ठेवली, तर त्या त्या जागी आकड्याचा अंमल ढिला पडतो. पांढऱ्या सुती कापडावर हा परिणाम विशेष दिसतो, कारण ओल्या धाग्यांतून प्रकाश अधिक सहजपणे पार होतो. पॉलिएस्टरचा धागा रासायनिक रचनेमुळे मुळातच बरेचसे अतिनील किरण शोषून घेतो, म्हणून घामट चढणीवर त्याची वीण अधिक भरवशाची. उलट सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते, त्याची वीण घट्ट होते आणि त्याची रक्षणशक्ती वाढते. तेव्हा नव्या सुती टोपीला पहिल्याच आठवड्यात नापास ठरवू नये.

तथापि ह्या सर्व मापनात चेहऱ्याला कोठेच स्थान नाही, आणि स्त्री टोपी घालते ती मुख्यतः चेहऱ्यासाठी. ती उणीव ब्रिटनमध्ये ब्रायन डिफी आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1992 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने भरून काढली. पुतळ्यांच्या मस्तकांवर नाना तऱ्हेच्या टोप्या घालून, नाक, गाल, मान, हनुवटी अशा ठिकाणी किरणांची नोंद ठेवणाऱ्या पटलाचे तुकडे चिकटवून त्यांनी मोजमाप केले. साडेसात सेंटिमीटरहून रुंद कडेची टोपी नाकाला सुमारे सातपट, मानेला पाचपट, गालांना तिप्पट आणि हनुवटीला जेमतेम दुप्पट रक्षण देते, असा त्यांचा निष्कर्ष. कापड पन्नासपट आणि गाल तिप्पट! ह्या तफावतीचे कारण आकाशात आहे. अतिनील किरणांचा मोठा वाटा थेट सूर्यबिंबाकडून न येता निळ्या आकाशातून विखरून, चहूबाजूंनी येतो, आणि डोक्यावरच्या छपराखाली तो आडवा शिरतो. चिठ्ठीवरील आकडा पाहून निश्चिंत होणाऱ्या प्रत्येकीला हा हिशेब ठाऊक असावा, असा माझा आग्रह आहे. गालांना आणि हनुवटीला मलम लावणे टोपीने सुटत नाही.

माझ्या टोपीची कड पुढे 9 सेंटिमीटर. सावलीचे गणित सोपे आहे: सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असला, तर कड जितकी रुंद तितकीच सावली तिच्या खाली उतरते, सूर्य जसजसा चढतो तसतशी ती लांबते. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस पुण्यात भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, तेव्हा ह्या कडेखाली चेहरा, गळा, अगदी खांद्यांचा काही भागही सावलीत राहतो. वैशाखातल्या माझ्या नोंदी म्हणूनच समाधानाच्या आहेत.

कसोटी लागली ती मार्गशीर्षात, कळसूबाईवर. डिसेंबरच्या उत्तरार्धात ह्या अक्षांशावर सूर्य ऐन दुपारीसुद्धा 47 अंशांच्या वर जात नाही. अर्थात माझ्या कडेची सावली वरच्या ओठापाशीच संपत होती, आणि थंड वाऱ्यामुळे ऊन सुखद वाटत असल्याने आपली हनुवटी आणि गालांचा खालचा भाग उघड्यावर आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नव्हते. उंचीचाही प्रश्न आहे. दर हजार मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारणपणे शेकडा दहाने वाढते, आणि शिखराची उंची 1646 मीटर आहे. हिवाळ्यात टोपी पिशवीच्या तळाशी जाते, आणि आपल्याकडे डोंगर चढण्याचा खरा हंगाम तोच, ही विसंगती ह्या वर्षातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट होय.

त्याच चढणीने दुसरेही धडे दिले. बारी गावाकडून वर जाताना लोखंडी शिड्या लागतात. शिडीवर मान वर करून पुढची पायरी आणि वरच्या माणसाची टाच पाहावी लागते, आणि तेथे पुढची रुंद कड नेमकी दृष्टीआड येते. पुढची कड वर मुडपून बटणाने अडकवण्याची सोय टोपीला होती म्हणून निभावले. ज्या टोपीच्या कडेत कडक तार असते ती शिड्यांवर सोयीची नाही. पाठीवरची सॅक उंच असली, तर मागची कड तिच्यावर टेकते आणि प्रत्येक पावलागणिक टोपी डोळ्यांवर ढकलली जाते. दुकानातल्या आरशापुढे ही गोष्ट कधीच कळत नाही. टोपी घेताना भरलेली सॅक पाठीवर असावी. राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्यात, जेथे वारा आरपार घुसतो, तेथे हनुवटीखालच्या नाडीची परीक्षा झाली, आणि सरकत्या मण्याने घट्ट होणारी पातळ गोल नाडी गळ्याला काचते, चपटी फीत काचत नाही, एवढे निश्चित झाले.

पावसाळ्याविषयी थोडकेच. पातळ ढगांतून अतिनील किरण बरेचसे खाली येतात, हे खरे असले तरी भिजलेली टोपी कपाळावर लोंबते आणि ती कोणीही ठेवीत नाही.

गडावरची गोष्ट वेगळी आणि नित्याची वेगळी. आणि आयुष्यातले बहुतेक ऊन नित्याच्याच हिशेबी जमा होते. रस्त्यावर हॅट घातलेली स्त्री हे दृश्य आपल्या शहरांत अजूनही परके आहे. एके काळी साहेबाची सोला टोपी ही राज्यकर्त्याची खूण होती. भेंडासारख्या हलक्या गाभ्याची ती टोपी उष्ण देशातल्या सूर्यापासून मेंदूचे रक्षण करते, अशी तिच्यामागची समजूत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती टोपी मागे पडली. पण हॅट म्हणजे साहेबी थाट हा संस्कार मागे उरला, आणि त्याची झळ मुख्यतः स्त्रियांना बसली. पुरुषाला गांधी टोपी होती, फेटा होता, पुढे क्रिकेटची टोपीही आली. पहिल्या महिन्यात मंडईत माना वळत. आषाढापर्यंत भाजीवाल्या मावशी टोपीवरूनच मला ओळखू लागल्या. नित्य वापरासाठी खरी अट निघाली ती घडीची: देवळात, बसमध्ये, कचेरीत शिरताना टोपी काढली की ती पर्समध्ये मावली पाहिजे आणि बाहेर काढल्यावर कड पूर्ववत झाली पाहिजे. दुसरी अट केसांची. अंबाडा घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर बहुतेक टोप्या पुढे कलतात. मागे फट ठेवणाऱ्यांनी शेपट्याचा विचार केला आहे, अंबाड्याचा केलेला नाही, आणि फटीतून मानेवर ऊन येते ते निराळेच.

फाल्गुनात भीमाशंकरच्या वाटेवर एका वावरात खुरपणी चालली होती. तेथील एका मावशींनी टोपी हातात घेऊन, उलटसुलट करून विचारले, “ताई, हिनं ऊन लागत न्हाई व्हय?” मी ती त्यांना घालावयास दिली. त्या वाकून पुन्हा खुरपू लागल्या, आणि क्षणार्धात उणीव उघडी पडली: ओणव्या माणसाच्या डोळ्यांवर पुढची कड येते आणि ऊन पडते ते मानेच्या मागे. त्यांनी टोपी परत केली आणि डोक्यावरचा पदर मानेवर सारखा केला. दुहेरी सुती पदर मानेपुरते काम चोख बजावतो, चेहऱ्याला मात्र सावली देत नाही. शिवाय ह्याच बायांना डोक्यावर पाटी किंवा हंडा घ्यावा लागतो, आणि चुंबळीखाली कोणती टोपी राहणार? आपल्या मुलखात उन्हात सर्वाधिक वेळ उभी असणारी स्त्री टोपी बनवणाऱ्यांच्या हिशेबात कधी आलीच नाही, हे पाहून मला मनस्वी खेद झाला, आणि तो आजही आहे.

ऑस्ट्रेलियात मानेवर पडदा सोडलेल्या टोप्या शाळकरी मुले घालतात. त्याच धर्तीवर गल्लीतल्या शिंपीणबाईंकडे मी एक नमुना शिवावयास टाकला आहे: पुढे साडेनऊ सेंटिमीटरांची मऊ, वर मुडपता येणारी कड, खालच्या बाजूस उजेड परावर्तित होऊ नये म्हणून गडद अस्तर, मागे कडेऐवजी जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी पदर, बटणांनी काढता-लावता येणारा, आणि माथ्याला अंबाड्यापुरती जादा खोली. पाटी उचलताना ती एका हाताने काढून कमरेला खोचता यावी, असे त्यांना बजावले आहे. पहिल्या मापात माथा उथळ झाला. दुसरे बेतणे चालू आहे, आणि रोपलावणीपूर्वी ती त्या वावरात पोचवावयाची आहे.