आईंची सकाळची फेरी

काशीत ब्रह्माघाट-दुर्गाघाटच्या गल्ल्यांमध्ये मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशाच एका घरातून सासूबाईंना रोज सकाळी बाहेर नेणं हे माझं काम. त्यांना डिमेन्शिया आहे.

उठल्यावर आधी स्वच्छतागृह, मग चहा, मग मागे पट्टा असलेल्या चपला. नाव, पत्ता आणि माझा फोन नंबर लिहिलेली एक चिठ्ठी बटव्यात असते, दुसरी पोलक्याच्या आत शिवलेली. ‘फिरायला येता का?’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘आई, भाजी निवडायला तुम्ही हव्यात’ म्हटलं की त्या पिशवी शोधायला लागतात.

गल्लीत स्कूटर आणि सांड दोन्ही अंगावर येतात. त्या बाजूला मी चालते, अर्धं पाऊल पुढे. त्यांनी माझा दंड धरायचा. मी त्यांना ओढायचं नाही. रस्ता रोज तोच ठेवते: भाजीवाला, दह्याचं दुकान, बिंदुमाधवाचं देऊळ. पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या आम्ही उतरत नाही, वरूनच गंगेला हात जोडतो. मध्येच त्या घाबरल्या तर वाद न घालता परत फिरते. संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून तेव्हा बाहेर पडत नाही.

‘चाची, आज भिंडी एकदम ताजा है,’ भाजीवाला म्हणतो. आई भेंडीचं टोक मोडून बघतात, जून असली की बाजूला टाकतात. मुलांची नावं विसरलेल्या बाईच्या बोटांना हे अजून येतं, कारण सवयीने अंगवळणी पडलेलं बराच काळ टिकतं. पैशांचा हिशेब मी नंतर चुकता करते, म्हणजे नोटा मोजताना त्यांची तारांबळ होत नाही. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न कोणी विचारायचा नाही, आधी स्वतःचं नाव सांगायचं, हे सगळ्या दुकानदारांना समजावून ठेवलंय. ते पाळतातही.

या फेरीने आजार बरा होत नाही. पण बाहेर जाऊन आल्यावर दुपारी चिडचिड कमी होते, दोन घास जास्त जातात आणि माझाही जीव जरा हलका होतो.

तरी अशी कितीतरी माणसं दारामागेच राहतात. लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाने बनारसमध्ये राहून वार्धक्याचा अभ्यास केला. ‘नो एजिंग इन इंडिया’ हे त्याचं पुस्तक 1998 साली आलं. म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं वागू लागलं की लोक त्याचा दोष घरच्यांच्या सेवेला देतात, असं त्याला दिसलं. या बोलाची धास्ती आजही घरांना आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा 2023 सालचा अंदाज आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये या आजाराचे टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले, त्यात एकटेपणही आहे. म्हणजे विसरायला लागलेल्या माणसाला कोंडून ठेवणं ही काळजी नव्हे.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर लपवू नका. शेजाऱ्यांना, दुकानदारांना, रिक्षावाल्यांना आजाराचं नाव घेऊन सांगा. मदत लागली तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. आणि उद्या सकाळी त्यांच्या हाती पिशवी देऊन बाहेर पडा.